‘नवा’, ‘प्राथमिक’ आणि ‘पहिला’ : परळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधनाची भाषा

मुंबईतील परळ येथील शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यास संलग्न असलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय यांची स्थापना १९२६ सालची. महाविद्यालयासाठी ज्यांच्या संपत्तीतून देणगी मिळाली, त्या शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी मुंबई महानगरपालिकेपुढे एक अट ठेवली होती. महाविद्यालयात नेमावयाचे प्राध्यापक व अध्यापक हे योग्य पात्रतेचे, स्वतंत्र व्यवसाय करणारे भारतीय असावेत. ते सरकारी नोकरीतील नसावेत, अशी ती अट होती. तत्कालीन परिस्थितीत या अटीला विशेष अर्थ होता. १८४५ पासून मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय अस्तित्वात होते व त्यातून अनेक विद्वान भारतीय डॉक्टर बाहेर पडलेही होते. परंतु तेथील प्रमुख अध्यासने बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकाऱ्यांकडे असत. पदवी भारतीयाने घ्यावी आणि अध्यासन इंग्रजाने भूषवावे, ही रीत मोडण्याचा प्रयत्न म्हणजे परळचे महाविद्यालय होय.

डॉ. जीवराज मेहता यांनी अधिष्ठाता या नात्याने १९४२ पर्यंत या संस्थेची धुरा वाहिली. विश्वस्तांच्या अटीतून जो प्रश्न उभा राहिला होता, त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर व त्यांच्या सहकाऱ्यांवर आली. भारतीय अध्यापकांना वैद्यकशास्त्र शिकविता येईल, याविषयी फारशी शंका नव्हती. त्या शास्त्रात त्यांना स्वतःची भर घालता येईल काय, हा खरा प्रश्न होता.

अशा प्रश्नाचे उत्तर देताना संस्थांच्या स्मरणिका सामान्यतः ‘पहिला’ या विशेषणाचा आश्रय घेतात. अमुक शस्त्रक्रिया देशात प्रथम येथे झाली, अमुक शोध प्रथम येथे लागला, अशी यादी त्यांत असते. परळच्या संस्थेची अशी यादी करणे अवघड नाही. परंतु ज्या मूळ लेखांतून हे संशोधन जगापुढे आले, त्यांची शीर्षके तपासली असता एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांनी काम केले त्यांनी वापरलेली विशेषणे आणि मागाहून इतरांनी त्या कामास लावलेली विशेषणे यांत मोठे अंतर आहे. या अंतराच्या अनुरोधाने चार प्रकरणांचा येथे विचार केला आहे.

पहिले प्रकरण सर्पगंधेचे. या वनस्पतीच्या मुळीचा वापर भारतीय वैद्यकात फार जुना आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या दोन विकारांवरील औषध म्हणून तिच्याविषयी लेख लिहिला. त्याच सुमारास सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी दिल्ली येथे तिच्यातील काही अल्कलॉइडे वेगळी केली. सेन-बोस यांच्या लेखाच्या शीर्षकात सर्पगंधेचे वर्णन ‘नवे भारतीय औषध’ असे आहे. शतकानुशतके वापरात असलेल्या मुळीस ‘नवे’ म्हणणे वरवर पाहता विसंगत वाटते. परंतु आधुनिक वैद्यकाच्या दप्तरात तिची नोंद त्या वेळी खरोखरच नवी होती.

राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयातील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये जो लेख प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकात मात्र ‘नवे’ हा शब्द नाही. उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेची रुग्णचाचणी, एवढेच तेथे म्हटले आहे. ही चाचणी ५० रुग्णांवरील होती. औषध आपण शोधून काढले असे वकील म्हणत नाहीत; ते मोजले, असे म्हणतात. लेख इंग्लंडातील मान्यवर नियतकालिकात आल्यामुळे सर्पगंधेकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिझर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ साली वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. हे औषध आता मागे पडले असले, तरी रक्तदाब औषधाने उतरविता येतो हा विश्वास निर्माण करण्यात त्याचा वाटा मोठा आहे. हे श्रेय सर्पगंधेच्या पहिल्या ज्ञात्याचे नाही, तिच्या पहिल्या शास्त्रीय लेखकाचेही नाही. रुग्णशय्येशी बसून रक्तदाबाचे आकडे लिहून ठेवणाऱ्याचे ते श्रेय आहे.

दुसरे प्रकरण रक्तगटाचे. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख आला. त्यावर सात नावे होती. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया हे तिघे परळचे. रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स हे चौघे लंडनच्या लिस्टर संस्थेतील प्रयोगशाळांत काम करणारे. रक्त देण्यापूर्वी रुग्णाचे व दात्याचे रक्त जुळते की नाही हे पाहणे हे कोणत्याही रक्तपेढीचे नित्याचे काम आहे. या नित्याच्या कामातच विलक्षण गोष्ट आढळली. ए व बी ही दोन्ही प्रतिजने नसल्यामुळे ज्या रुग्णाचे रक्त ‘ओ’ गटाचे ठरावयास हवे, त्याच्या रक्तद्रवाने ‘ओ’ गटाच्या दात्यांच्या पेशींच्याही गुठळ्या केल्या.

याचे कारण असे. ए आणि बी ही प्रतिजने ज्या पायावर उभी राहतात, त्यास ‘एच’ असे नाव आहे. ‘ओ’ गटाच्या व्यक्तीत हा पाया तसाच मोकळा असतो. या रुग्णांच्या रक्तपेशींत तो पायाच नव्हता. आणि जे आपल्या शरीरात नाही त्याविरुद्ध प्रतिद्रव्य निर्माण व्हावे, या नियमानुसार त्यांच्या रक्तद्रवात ‘एच’-विरोधी प्रतिद्रव्य होते. त्यामुळे अशा व्यक्तीस केवळ तिच्यासारख्याच दुसऱ्या व्यक्तीचे रक्त चालते. ‘ओ’ समजून दिलेले रक्त तिचा जीव घेऊ शकते.

या लेखाच्या शीर्षकात ‘नवा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे, परंतु तो अवतरणचिन्हांत घातलेला आहे. लेखकांनी हा शब्द वापरला व त्याच क्षणी त्यास आवर घातला. सापडलेली वस्तू एका वस्तूचा अभाव होती; आणि ज्या व्यक्तींच्या रक्तात तो अभाव होता, त्या काही नव्याने जन्मास आल्या नव्हत्या. नवे होते ते लक्षात येणे. पुढे या रक्तगटास लेखकांपैकी कोणाचे नाव न मिळता शहराचे नाव मिळाले. ‘बाँबे’ हे इंग्रजी रूप शहराच्या अधिकृत नावातून १९९५ साली गेले, तरी रक्तपेढ्यांच्या व्यवहारात ‘बाँबे रक्तगट’ हीच संज्ञा रूढ राहिली. भाटिया यांनी पुढे याच विषयास वाहून घेतले. १९७४ साली एम. एस. साठे यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मुंबईत हे प्रमाण सुमारे ७,६०० व्यक्तींमागे एक असे आढळले. १९५२ च्या लेखाने केवळ अस्तित्व सांगितले होते. रक्तपेढीला ज्याची गरज असते तो आकडा मिळण्यास आणखी २२ वर्षे जावी लागली.

तिसरे प्रकरण हृदयरोपणाचे. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात मानवी हृदयाचे रोपण केले. केप टाउन येथे ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर अडीच महिन्यांच्या आतच ही शस्त्रक्रिया झाली. अशी शस्त्रक्रिया करणारे सेन हे जगातील चौथे शल्यविशारद. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या रोपणासही यश आले नाही.

स्मरणिकेच्या हिशेबाने ही ‘भारतातील पहिली’ शस्त्रक्रिया होय. तथापि सेन यांच्या कार्याचे मोल ठरविताना १९६८ पेक्षा १९६५ कडे पाहणे अधिक न्याय्य ठरेल. त्या वर्षी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये सेन, जी. बी. परुळकर, एस. आर. पांडे व एस. जी. किनरे यांचा श्वानांवरील हृदयरोपणाविषयी लेख प्रसिद्ध झाला. त्यात १०० प्रयोगांचा वृत्तांत आहे, आणि तरीही लेखकांनी त्यास ‘प्राथमिक वृत्तांत’ असे म्हटले आहे. शंभर प्रयोगांनंतरही जो स्वतःच्या निष्कर्षांस प्राथमिक म्हणतो, त्याने १९६८ चे पाऊल केवळ ईर्ष्येने उचलले असे म्हणता येत नाही. या लेखकांत किनरे हे विकृतिशास्त्राचे होते, ही गोष्टही लक्षणीय आहे. शल्यगृहात जे साधले नाही त्याचे कारण शोधणारा सहकारी आरंभापासूनच सोबत होता. त्या काळी नवे हृदय शरीराने नाकारू नये यासाठी पुरेसे प्रभावी औषध नव्हते. मेंदू मृत झाल्यावर हृदय काढून घेण्यास मान्यता देणारा कायदाही नव्हता. तो कायदा भारतात १९९४ साली झाला, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीत डॉ. पी. वेणुगोपाळ यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले.

चौथे प्रकरण सर्वांत बोलके आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात शरीराबाहेर फलन झालेल्या बीजापासून एका मुलीचा जन्म झाला. या कामात रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या परळ येथील प्रजनन-संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार हे प्रमुख होते. हिंदुजा यांनी याच विषयावरील प्रबंधास मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. एकच संशोधन रुग्णालयात बालकाच्या रूपाने आणि विद्यापीठात प्रबंधाच्या रूपाने सिद्ध व्हावे, याचे हे उत्तम उदाहरण. वृत्तपत्रांनी व सरकारी नोंदींनी या जन्मास ‘भारतातील पहिला’ असे म्हटले.

परंतु ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून अशा प्रकारे एक मुलगी जन्मास आली होती. पश्चिम बंगाल सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. त्यांची हस्तलिखित टिपणे १९९७ साली आनंदकुमार यांच्या हाती आली. ती अभ्यासल्यावर त्यांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून, भारतातील पहिल्या परीक्षानलिका-शिशूचे श्रेय मुखोपाध्याय यांचे आहे, असे जाहीर केले. ज्या ‘पहिला’ या शब्दावर त्यांच्या स्वतःच्या कीर्तीचा मोठा भाग उभा होता, तो त्यांनी स्वहस्ते दुसऱ्याच्या नावापुढे लिहिला. परळच्या कामाचे मोल त्यामुळे कमी झाले नाही. १९८६ ची पद्धती तपशीलवार नोंदलेली होती, तपासता येण्याजोगी होती. म्हणून तिचा उपयोग पुढील डॉक्टरांना झाला. मुखोपाध्याय यांचे काम नष्ट झाले नाही तेही त्यांची टिपणे शिल्लक होती म्हणूनच.

आता निवासी डॉक्टरांविषयी. या चारही प्रकरणांत अध्यापकांची नावे पुढे येतात. निवासी डॉक्टर क्वचितच दिसतात. रुग्णालयातच राहून शिकणारा पदव्युत्तर डॉक्टर ही कल्पना अमेरिकेत १८८९ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून सर्वत्र पसरली. मुंबईत त्यास दीर्घकाळ ‘हाउसमन’ व ‘रजिस्ट्रार’ हे इंग्रजी शब्दच चालले. ‘निवासी डॉक्टर’ हा शब्द मागाहून रुळला. ‘रजिस्ट्रार’ या शब्दाचा मूळ अर्थ नोंद ठेवणारा असा आहे, आणि या निबंधाच्या दृष्टीने तो अधिक सार्थ म्हणावा लागेल. मध्यरात्री दाखल झालेल्या रुग्णाचा केसपेपर लिहिणे, रक्ताचा नमुना घेऊन त्यावर नाव व क्रमांक घालणे, दर तासाला रक्तदाब टिपणे ही कामे त्याची. या कागदांवर संशोधनाची इमारत उभी राहते. लेखाच्या शिरोभागी मात्र ते हस्ताक्षर दिसत नाही.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढण्याचे साधन संस्थेने स्वतःच निर्माण केले. महाविद्यालय व रुग्णालय यांच्या अध्यापकवर्गाच्या मंडळाने १९५५ साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे नियतकालिक सुरू केले. पदव्युत्तर वैद्यकाचे नाव धारण करणाऱ्या या पत्रिकेमुळे एखाद्या दुर्मीळ रुग्णाचा वृत्तांतही छापून येण्याची सोय घरातच झाली, आणि अशा वृत्तांतास अध्यापकाच्या नावाजवळ त्याच्या विद्यार्थ्याचेही नाव लागू शकले.

विश्वस्तांच्या अटीतील प्रश्नाचे उत्तर या दीर्घ काळात मिळाले. ते देणाऱ्यांनी आपल्या कामास ‘चाचणी’ म्हटले, ‘प्राथमिक’ म्हटले, ‘नवा’ हा शब्द अवतरणचिन्हांत ठेवला आणि ‘पहिला’ हा शब्द प्रसंगी परत केला. पदव्युत्तर विद्यार्थ्याने या संस्थेच्या इतिहासातून काही उचलावयाचे असेल, तर गौरवाची यादी बाजूस ठेवून हे मूळ लेख वाचावेत. आपल्या प्रबंधाचे शीर्षक ठरविताना कोणते विशेषण घालावे याचा विचार त्यास करावा लागतोच. तो विचार करून ठेवलेले नमुने त्यास तेथे सापडतील.