नाव कुणाचं लागलं?

परवा नातवानं विचारलं, "आजोबा, जमीन कुणाची हे ठरतं कसं?"

अमेरिकेत नव्या मुलखात गेलेले गोरे झाडांवर कुऱ्हाडीनं आद्याक्षरं कोरून हक्क सांगत. १८६२ च्या कायद्यानं पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर मिळू लागली. मुळात ती ज्यांची, ते आदिवासी दप्तराबाहेरच राहिले.

आपल्या मराठवाड्यात निजामाचं राज्य गेल्यावर १९५४-५५ चं खासरा पत्रक आलं. आजही वाद निघाला की आमच्या माजलगावात आधी तेच काढतात. आमच्या शेताला त्यात आजोबांचं नाव. विधवा होऊन माहेरी आलेली आत्या तेच शेत जन्मभर कसत होती. तिचं नाव कुठंच नाही.

पुढे शेत सिंदफणेवरच्या धरणात गेलं. मावेजा कागदाप्रमाणे वाटला. आत्याला एक लुगडं मिळालं. त्या वाटणीवर माझीही सही आहे.