खोडदहून मागे, खूप मागे

जानेवारीतली संध्याकाळ. नारायणगावहून तुम्ही खोडदच्या रस्त्याला लागलात. द्राक्षबागा संपल्या, ऊस सुरू झाला. अंधार पडल्यावर उसाच्या कडेला रेंगाळू नका. जुन्नरचा बिबट्या तुमच्या खगोलप्रेमाची कदर करणार नाही. थोडं पुढे मोकळ्या रानात थांबा. समोर जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. एकेक 45 मीटर व्यासाची, तारांच्या जाळीची, आकाशाकडे तोंड करून उभी. अशा एकूण 30. त्यातल्या 14 इथेच जवळजवळ, बाकीच्या 16 तीन दिशांना गावोगावच्या शिवारांत पसरलेल्या.

मघाशी मावळताना पाहिलात तो सूर्यही 8 मिनिटं 20 सेकंद शिळा होता. आता चंद्र नाही, हे बरंच झालं. वर बघा.

किलोमीटर विसरा. एका प्रकाशवर्षात साडेनऊ लाख कोटी किलोमीटर होतात, आणि हा आकडा ऐकून कुणाला काही उमगलंय असं मी तरी पाहिलेलं नाही. वर्षं मात्र आपल्याला कळतात, कारण वर्षांत माणसं असतात.

व्याध साडेआठ वर्षांपूर्वीचा दिसतोय. एवढ्यात काही फार बदलत नाही, सोडून द्या. रोहिणीच्या तांबूस ठिपक्यावर नजर रोखा. तो प्रकाश निघाला तेव्हा 65 वर्षांपूर्वीचा काळ होता. आता तुम्ही त्या काळात आहात. खोडदला तबकडी नाही. तिकडे घोड नदीच्या काठी, तालुक्याला नाव देणारं आंबेगाव जागच्या जागी आहे. डिंभे धरणाच्या पाण्याखाली ते अजून जायचंय. गोविंद स्वरूप नावाचा तिशीतला तरुण अमेरिकेत रेडिओ खगोलशास्त्राचं शिक्षण घेतोय. ही तबकड्यांची रांग त्याच्या डोक्यातून पुढे निघणार आहे.

आता कृत्तिका. हा प्रकाश साधारण 440 वर्षांचा. शिवनेरीवर निजामशाहीचा पहारा आहे आणि गडावरच्या शिबंदीला भविष्यातलं काहीच ठाऊक नाही. हा प्रकाश तिथून निघून चाळीसेक वर्षं झाल्यावर, 19 फेब्रुवारी 1630 ला, या गडावर शिवाजी महाराज जन्मले. तेव्हाही तो वाटेतच होता. पुढची सगळी शिवशाही, पेशवाई आणि इंग्रजी अंमल त्याने वाटेतच काढला.

मृगाच्या खालच्या अंगाला धुरकट डाग दिसतो तो तेजोमेघ 1,300 हून अधिक वर्षं मागचा. नाणेघाटात जा. व्यापाऱ्यांचा जकातीचा दगडी रांजण तेव्हाच जुनापुराणा झालाय. लेण्यातला सातवाहनांचा शिलालेखही. यज्ञांत दान दिलेल्या गाई आणि नाणी यांचे हजारांतले आकडे त्यात ब्राह्मी अंकांत कोरलेत. हजार पुरत होते तोवरचा हा प्रवास. आता लाख लागणार.

पश्चिमेला देवयानी दीर्घिका, डोळ्याला पुसटशी. 25 लाख वर्षं. कुकडीच्या खोऱ्यात माणूस नाही. बोरीजवळ नदीकाठी सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची राख सापडते, ती पडायलाही अजून पुष्कळ अवकाश आहे. (त्या राखेचं वय 75 हजार की कित्येक लाख वर्षं, यावर भूवैज्ञानिकांचा वाद चालूच आहे.)

कन्या राशीतली एम 87 दीर्घिका 5 कोटी 40 लाख प्रकाशवर्षांवर. उगवायला वेळ आहे, पण तिच्या प्रकाशाला आपला कातळ मागे टाकतो. शिवनेरीचा काळा दगड साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसातून थिजला. तो प्रकाश निघाला तेव्हा हा दगड गार होऊन कोटभर वर्षं उलटली होती.

आणखी मागे. 460 कोटी वर्षं ओलांडलीत की उभं राहायला जमीन नाही. पृथ्वी नाही, सूर्य नाही. आणखी 420 कोटी वर्षं मागे गेलात की एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनच्या ढगात आलात. इथे अणूतला इलेक्ट्रॉन मधूनच उलटा होतो आणि 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सुटते. एका अणूला यासाठी सरासरी कोटभर वर्षं लागतात. पण ढगात अणूंना तोटा नाही.

त्या लहरीवर बसा आणि परत निघा. वाटेत अवकाशच ताणलं जातंय, त्याबरोबर लहरही लांबते. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तिची तीव्रता तीसेक पट वाढते. तुम्ही अर्ध्या वाटेवर येता तेव्हा सूर्य जन्मतो. मग लाव्हा, राख, नाणेघाट, शिवनेरी. शेवटी 48 सेंटिमीटरची होऊन ती खोडदच्या जाळीवर आदळते. जाळीतून वारा आरपार जातो, पण छिद्रं बारीक आणि लहर लांब असल्याने लहर परतून वरच्या ग्राहकावर पडते. स्वरूप यांची ही काटकसरी युक्ती.

मग खरी कसरत. लहर सगळ्या तबकड्यांवर एकाच वेळी पोहोचत नाही. सर्वांत लांबच्या तबकड्यांमधलं 25 किलोमीटर अंतर म्हणजे प्रकाशाला सेकंदाचा बारा हजारावा भाग. 880 कोटी वर्षं चाललेल्या पाहुणीच्या येण्यातला एवढासा फरकही इथे मोजून दुरुस्त करतात, तेव्हाच 30 तबकड्या एका दुर्बिणीसारख्या वागतात. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या खगोलशास्त्रज्ञांनी या लहरीचा शोध जानेवारी 2023 मध्ये जाहीर केला. ती दीर्घिका मात्र 880 कोटी प्रकाशवर्षांवर बसलेली नाही. अवकाश पसरत गेल्याने आज ती सुमारे 1,300 कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. तिचं आजचं रूप पृथ्वीवरून कुणीच पाहिलेलं नाही.

तुमच्या खिशातला मोबाइल चंद्रावर ठेवला, तरी या तबकड्यांना तो आकाशातल्या बहुतेक रेडिओ स्रोतांहून तेजस्वी दिसेल. तेव्हा 28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनाच्या प्रदर्शनाला मुलाबाळांना घेऊन खोडदला जाल, तर फोटोचा मोह आवरा आणि मोबाइल फाटकाबाहेरच बंद करा.