मुदत वस्तूची की कंपनीची?

रत्नागिरीत समुद्राच्या अंगाला असलेल्या घरांतले एसी बाहेरून आत म्हातारे होत जातात. खिडकीखाली टांगलेल्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या खाऱ्या हवेने पांढऱ्या पडतात, बोट लावलं की भुगा होतो. कुठेतरी नळीला सुईच्या अग्राएवढं भोक पडतं आणि गॅस निघून जातो. मेकॅनिक येतो, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतो आणि ‘कॉइल गेली’ म्हणून मोकळा होतो. दुकानात फोन केला की पहिला प्रश्न येतो तो बिलाच्या तारखेचा. वर्षावर महिना झाला असेल तर दुकानदार मनापासून हळहळतो. ‘वॉरंटी संपली हो, आता कंपनी ऐकायची नाही.’ बहुतेक गिऱ्हाइकं इथेच हात टेकतात.

ते वॉरंटीचं कार्ड एकदा चष्मा लावून वाचावं. बऱ्याच कार्डांवर बारीक अक्षरांत विजेचा कमी-जास्त दाब, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि गंज वगळलेले असतात, म्हणजे कोकणात यंत्र ज्या तीन कारणांनी मरतं तीच. त्याच कार्डावर सगळ्या यंत्राला एक वर्ष आणि कंप्रेसरला मात्र पाच किंवा दहा वर्षं दिलेली असतात. कुठला भाग किती टिकतो हे कंपनीला चांगलं ठाऊक आहे, याचा हा तिनेच छापून दिलेला पुरावा. मग ही सरसकट एक वर्षाची मुदत आली कुठून?

आपल्याकडची मुदतीची जुनी यादी याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सापडते. विकत घेतलेली वस्तू पारखून बघायला बियाण्यासाठी दहा दिवस, लोखंडासाठी एक, ओझ्याच्या जनावरासाठी पाच, रत्नांसाठी सात आणि दुभत्या जनावरासाठी तीन. (दासीला महिना आणि दासाला पंधरवडा हेही त्याच यादीत बसवलेलं आहे, तिथे घास घशात अडकतो.) या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली आणि वारसाहक्काच्या तंट्यांत मराठी मुलखाने तिचा आधार पुढे शतकानुशतकं घेतला. वारसाहक्काची मिताक्षरा वकिलांना पाठ असते. बियाण्याचे दहा दिवस कुणाला आठवत नाहीत.

या आकड्यांतलं शहाणपण शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. बी उगवतं की कुजतं ते दहा दिवसांत कळतं. गाय धारेला किती देते ते तीन दिवस पिळल्यावर कळतं. लोखंड घणाखाली घातलं की त्याच दिवशी बोलतं. खोट उघडी पडायला त्या वस्तूला जेवढा वेळ लागतो तेवढीच मुदत. नारदस्मृतीने तर परतीचा दरही ठरवून टाकला होता. माल न बिघडवता त्याच दिवशी परत केला तर पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी तिसावा हिस्सा वजा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, त्यापुढे माल गिऱ्हाइकाचा. बाजारपेठेतली जाकड नेण्याची रीत याच जातीची. कापड किंवा दागिना घरी न्यायचा, बायकामाणसांना दाखवायचा, पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत. लिहिणं दुकानदाराच्या वहीत एका ओळीचं.

ही रीत जिथे खोट दिसू शकते तिथे चालते. जी दिसतच नाही तिचं काय, हे रत्नागिरीला कायद्याच्या पुस्तकावाचून माहीत आहे. चौदा आणे तयार झालेला हापूस उतरवला, अढीत पिकला, रंग आला, वास सुटला आणि सुरी घातल्यावर आत साका, म्हणजे न पिकलेला पांढुरका गर, निघाला. दाबून, हुंगून, उजेडात धरून साका कळत नाही. बागायतदाराने लबाडी केलेली नसते, गिऱ्हाइकाने हयगय केलेली नसते, दोष फळ झाडावर असतानाच शिरलेला असतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला चार फळं बदलून देणारा विक्रेता वॉरंटीची तारीख काढत बसत नाही. (दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ ही साका नसलेली जात दिली. ती गोड आहे, तरी बाजाराने हापूसच धरून ठेवला. गिऱ्हाईकही दरवेळी शहाणं वागतं असं नाही.)

इंग्रजांच्या कायद्याने वेगळं टोक पकडलं. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं, मागाहून रडू नये, हा त्यांच्या बाजाराचा जुना नियम. आपल्याकडे मालविक्रीचे नियम आधी १८७२ च्या करार कायद्यात होते. १ जुलै १९३० पासून त्यांचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो आजही चालू आहे. त्याचं कलम १६ मोठं मजेशीर आहे. आधी म्हणतं, दर्जाची कुठलीही गृहीत हमी नाही. मग लगेच अपवाद देतं: त्या प्रकारचा माल विकणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे. माल तपासून घेतला असेल, तर तपासणीत दिसायला हवे होते तेवढेच दोष घेणाऱ्याच्या माथी. न दिसणारे नाहीत. या कलमात वर्षा-दोन वर्षांचा उल्लेखच नाही. मात्र कलम ६२ ने अशी गृहीत हमी करार करून रद्द करायची वाटही ठेवली, आणि कंपन्यांचं कार्ड त्या वाटेने आत आलं. गिऱ्हाइकाच्या हातात पडलेलं कार्ड त्याला आश्वासन वाटलं. वकिलाच्या नजरेने वाचलं तर ते बव्हंशी जबाबदारीचं कुंपण आहे. आणि कुंपणाची लांबी आता वस्तूवरून मोजली जात नव्हती.

तेव्हा दाद मागायची तर दिवाणी न्यायालय. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणारं गिऱ्हाईक, ती मिळाल्यावर तिच्यावर दावा कुठून लावणार? १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. ग्राहक संरक्षण कायदा व्हायला १९८६ चा २४ डिसेंबर उजाडला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मंच आले. या कायद्यातली दोषाची व्याख्या बघा: कायद्याने, व्यक्त किंवा गृहीत कराराने किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्याने जो दर्जा राखायला हवा त्यातली कुठलीही उणीव. ‘वॉरंटीच्या काळात’ हे शब्द त्यात नाहीत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही नाहीत.

तेव्हा वॉरंटी संपल्यावर प्रश्न बदलतो, मिटत नाही. कार्ड चालू असताना ‘बिघडलं’ एवढं म्हणून भागतं. नंतर ‘बिघाड मुळातच होता’ हे दाखवावं लागतं, आणि ते ओझं तक्रारदाराचं. झीज वेगळी, दोष वेगळा. सात वर्षं चाललेल्या फ्रिजचं रबर सैल झालं तर कोण ऐकेल? पण चौदाव्या महिन्यात मदरबोर्ड जळाला, तोच बोर्ड शेजारीही जळाला, तर ऐकण्यासारखं काहीतरी आहे. त्यासाठी मेकॅनिकचं तोंडी ‘कॉइल गेली’ पुरत नाही, तारखेसह लेखी लागतं. मंच, म्हणजे नव्या कायद्यातला आयोग, वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. ही मुदत मात्र खरी.

उगाच आशाही लावू नये. मारुती उद्योगाच्या एका खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वॉरंटीत सदोष भाग बदलायचं कबूल केलं असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येणार नाही. नव्या कायद्यातलं उत्पादन-दायित्वाचं प्रकरण ऐकायला दणदणीत आहे, पण ते एसीने पेट घेऊन घर जळालं तर कामाचं. वॉरंटीच्या भंगामुळे खुद्द एसीचं झालेलं नुकसान त्यातल्या ‘हानी’त धरत नाहीत. व्यापारासाठी घेतलेलं यंत्रही बाहेर. मात्र मिरकरवाड्यातला मच्छीमार स्वतः चालवून पोट भरण्यासाठी होडीचं इंजिन घेत असेल तर तो ग्राहकच.

रत्नागिरीसाठी नव्या कायद्याने एक मोठं काम केलं. चाकरमानी दादरच्या दुकानातून फ्रिज घेतो आणि गणपतीच्या आधी गावी आईकडे पोचवतो, हे इथलं नेहमीचं. पूर्वी तक्रार साधारणपणे विक्रेता किंवा कंपनी जिथे, तिथे लावावी लागे. आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात लावता येते. मुलाच्या संमतीने तो फ्रिज वापरणारी आईही कायद्याने ग्राहक आहे, तेव्हा रत्नागिरीचा जिल्हा आयोग तिचा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघायला हरकत नाही; पुष्कळ कंपन्या तिथेच नरमतात.

जुन्या यादीच्या जवळ जाणारा कायदा आज नॉर्वेत आहे. तिथे साधारण वस्तूची तक्रार दोन वर्षांत करायची, पण जी मुळात पुष्कळ जास्त टिकावी अशी अपेक्षा असते तिला पाच. आपल्याकडे ‘दुरुस्तीचा हक्क’ असं पोर्टल २०२२ च्या ग्राहकदिनी निघालं आणि दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला. यंत्र उघडायला किती सोपं, सुटे भाग मिळतात का, केवढ्याला, यावर गुण द्यायचे अशी कल्पना आहे. गुण खोक्यावर छापून येतील तेव्हा येतील. त्यात एक रकाना खाऱ्या हवेचा असावा, आणि एक असाही की कॉइल रत्नागिरीत मिळेल, की कोल्हापूरहून येईपर्यंत मे महिना संपेल.