वऱ्हाडातून ‘नॉर्दर्न लाइट्स’ दिसतात का? जवळचं ठिकाण कोणतं, घरून काय दिसतं, वाचा

अमरावती/अकोला : आकाशात हिरवे-लाल पडदे हलतानाचे व्हिडिओ मोबाइलवर नेहमीच येतात. असा व्हिडिओ कोणी ‘चिखलदऱ्याचा’ म्हणून पाठवला, तर तो पुढे ढकलू नका. आपल्याकडून हा ध्रुवीय प्रकाश दिसत नाही.

कशामुळे दिसतो?
सूर्यावर मोठं वादळ झालं की तिथून विद्युतभारित कण सुटतात. पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवतं. ते हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनवर आदळले की प्रकाश पडतो. म्हणून तो नॉर्वे, आइसलँडकडे दिसतो. अमरावती-अकोला २१ अंश अक्षांशाच्या आसपास, म्हणजे फारच दक्षिणेला आहे.

सर्वात जवळ कुठे?
लडाखमधलं हानले. १० मे २०२४ च्या रात्री मोठं सौरवादळ झालं, तेव्हा तिथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यात आकाश लाल दिसलं. मात्र हे फक्त मोठ्या वादळातच घडतं. तारीख आधी सांगता येत नाही. वादळाचा अंदाज एक-दोन दिवस आधी मिळतो. त्यामुळे केवळ यासाठी पैसे भरून लडाखची सहल ठरवू नका.

महाराष्ट्रातून कधीच दिसला नाही, असंही नाही. ४ फेब्रुवारी १८७२ च्या महावादळात तो मुंबईतूनही दिसल्याची नोंद आहे.

घरून काय दिसतं?
दरवर्षी १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. रात्री दहानंतर पहाटेपर्यंत पाहा. दोनच्या सुमारास जोर जास्त असतो. मृग नक्षत्र ओळखत असाल, तर मिथुन त्याच्या शेजारीच आहे. दुर्बीण लागत नाही. रात्रीच्या लाइनवर हरभऱ्याला ओलित करणाऱ्यांना वावरातूनच दिसेल. बॅटरी बंद करा, मोबाइल खिशात ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. चंद्र मोठा असेल तर उल्का कमी दिसतात. ऑगस्टमध्येही उल्कावर्षाव असतो, पण आपल्याकडे तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

चिखलदऱ्याला जायचं असेल तर मुक्कामाच्या जागेवरूनच पाहा. मेळघाटच्या जंगलात किंवा नरनाळ्यावर रात्री परवानगीशिवाय शिरू नका.

जळती रांग दिसली तर?
२ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात अनेकांनी आकाशात जळत जाणारी रांग पाहिली. ती उल्का नव्हती. चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत तर धातूची मोठी कडी पडली. उल्का क्षणात विझते. असे तुकडे मात्र सावकाश, बराच वेळ जळत जातात. असं काही वावरात पडलं तर हात लावू नका. लेकरांना दूर ठेवा आणि पोलीस पाटील किंवा तलाठ्याला लगेच कळवा.