राखीव खेळाडूची वंशावळ

बास्केटबॉलचा मोठा खेळाडू जायबंदी झाला की दोन-चार दिवसांत एक छोटी बातमी येते: संघाने अमुक एका राखीव खेळाडूशी करार केला. नाव फारसे परिचित नसते, कराराची मुदतही कधी कधी अवघी दहा दिवसांची असते. या बातमीमागचा प्रवास मात्र सव्वाशे वर्षांहून मोठा आहे. त्याचा आरंभ पाहायचा तर आपण १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी जाऊ. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा नवा खेळ रचला. वर्गात अठरा विद्यार्थी होते, म्हणून नऊ-नऊ जणांचे दोन संघ झाले आणि बाहेर बसायला कोणी उरलाच नाही. नेस्मिथ यांनी लिहिलेल्या तेरा नियमांपैकी पाचवा नियम धक्काबुक्कीविषयी आहे. प्रतिस्पर्ध्याला इजा करण्याच्या हेतूने कोणी खेळला, तर त्याला सबंध सामन्यासाठी बाहेर काढावे आणि त्याच्या जागी बदली खेळाडू देऊ नये, असे तो सांगतो. खेळाच्या पहिल्याच दस्तऐवजात बदली खेळाडू अवतरतो तो असा, दुखापतीच्या संदर्भात आणि मनाईच्या रूपात.

ही मनाई सैल व्हायला अर्धशतक लागले. १८९७ च्या सुमारास संघ पाच जणांचा झाला आणि बाहेर बसणारे खेळाडू आले, पण त्यांचा वापर जपूनच करावा लागे, कारण एकदा बाहेर गेलेल्याला परत येण्याची मुभा नव्हती. १९२०-२१ च्या हंगामात महाविद्यालयीन नियमांनी त्याला एकदा परतू दिले, १९३३-३४ मध्ये दोनदा, आणि १९४४-४५ मध्ये हे बंधन पूर्णपणे उठले. क्रिकेटमधला बारावा खेळाडू क्षेत्ररक्षण करतो, पण त्याच्या हाती बॅट येत नाही. बास्केटबॉलचा राखीव खेळाडू मात्र इथून पुढे कोर्टवर उतरला की पूर्ण खेळाडू ठरू लागला.

या मोकळिकीचे सोने कसे करावे, हे बोस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड ऑरबाक यांनी दाखवले. फ्रँक रॅमसी या उत्तम खेळाडूला ते मुद्दाम सुरुवातीला बसवून ठेवत आणि समोरचे पाच दमू लागले की ताज्या दमाने उतरवत. रॅमसीच्या वाट्याला सात विजेतेपदे आली. पुढे १९६२ मध्ये संघात आलेल्या जॉन हॅव्हलिचेकने ही परंपरा चालवली. बाकावर बसणे म्हणजे कमी प्रतीचे असणे, ही समजूत बोस्टनमध्ये मोडली, आणि १९८२-८३ पासून एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगने सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा पुरस्कारच सुरू केला. त्याचा पहिला मानकरी होता फिलाडेल्फियाचा बॉबी जोन्स.

तरीही तारा कोसळला तर काय, हा प्रश्न उरलाच होता. ८ मे १९७० रोजी न्यूयॉर्क निक्सचा विलिस रीड मांडीच्या दुखापतीनिशी निर्णायक सामन्यात उतरला आणि त्याने पहिले दोन्ही बास्केट केले. लोकांच्या स्मरणात राहिला तो रीड. ३६ गुण आणि १९ असिस्ट मात्र वॉल्ट फ्रेझरचे होते. दहा वर्षांनी, १६ मे १९८० रोजी, लॉस एंजेलिस लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार घोट्याच्या दुखापतीमुळे अंतिम मालिकेचा सहावा सामना खेळू शकला नाही. पहिल्याच हंगामातल्या मॅजिक जॉन्सनने सेंटरची जागा घेऊन ४२ गुण मिळवले आणि विजेतेपद आणले. पण प्रत्येक संघाच्या नशिबी मॅजिक जॉन्सन नसतो, आणि ८२ सामन्यांचा हंगाम एका रात्रीच्या पराक्रमावर निभावत नाही.

म्हणून उत्तर बाहेर शोधावे लागले, आणि ते शोधताना पैशाचे नियमही आडवे आले. १९८४-८५ मध्ये एनबीएने प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर ३६ लाख डॉलरची मर्यादा घातली. जायबंदी ताऱ्याचा पगार हिशेबात कायम राहतो, त्यामुळे त्याच्या तोडीचा दुसरा खेळाडू आणणे बहुधा शक्य नसते. पुढे नियमांत सवलती आल्या, पण त्याही मापूनच. दीर्घकाळ बाहेर राहणाऱ्या खेळाडूच्या बदल्यात जास्तीत जास्त त्याच्या निम्म्या पगाराइतकी मुभा मिळते. किमान तीन सामने हुकलेले चार खेळाडू आणखी दोन आठवडे तरी परतणार नसतील, तर संघाला एक जादा माणूस घेता येतो. ५ जानेवारीपासून दहा दिवसांचे करार करता येतात. एका संघाकडून एका खेळाडूला एका हंगामात असे दोनच, त्यानंतर त्याला हंगामभरासाठी ठेवायचे किंवा सोडायचे. हे खेळाडू बरीच वर्षे कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशनमधून येत. ती स्पर्धा एप्रिल १९४६ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झाली, म्हणजे एनबीएच्या पूर्वसुरीपेक्षा दीड महिना आधी. २००१ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली आणि त्याच वर्षी एनबीएने आठ संघांची स्वतःची विकास लीग उभी केली.

या साऱ्या व्यवस्थेचा अर्थ नीट समजायचा असेल तर आपण ह्यूस्टनला थांबले पाहिजे. २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडलेला, साडेसात फूट उंचीचा याओ मिंग हा ह्यूस्टन रॉकेट्सचा आधारस्तंभ. एवढ्या देहाचा भार पायांच्या हाडांना पेलवेना. संघाने २००४ मध्येच काँगोत जन्मलेला अनुभवी सेंटर डिकेम्बे मुटोम्बो आणून ठेवला होता. २३ डिसेंबर २००६ रोजी याओच्या उजव्या पायाचे हाड मोडले, तेव्हा मुटोम्बो उभा राहिला. फेब्रुवारी २००८ मध्ये संघ सलग बारा सामने जिंकलेला असताना याओच्या डाव्या पावलाचे हाड चिरल्याचे कळले आणि त्याचा हंगाम संपला. एक्केचाळीस वर्षांचा मुटोम्बो सुरुवातीच्या पाचांत आला, लुईस स्कोला आणि चक हेज यांनी उरलेला भार वाटून घेतला, आणि संघाने आणखी दहा सामने ओळीने जिंकले. बावीस विजयांची ही साखळी तेव्हा लीगच्या इतिहासातली दुसऱ्या क्रमांकाची होती; १८ मार्चला बोस्टनने ती तोडली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००९ मध्ये, मुटोम्बोचा गुडघाही पोर्टलंडविरुद्ध खेळताना जायबंदी झाला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. याओ २०११ मध्ये निवृत्त झाला. राखीव खेळाडूचे शरीरही शरीरच असते, याचा विसर पडू नये.

याओ निवृत्त झाला त्याच वर्षाच्या २७ डिसेंबरला निक्सने जेरेमी लिनला घेतले. त्याच महिन्यात दोन संघांनी त्याला सोडले होते. न्यूयॉर्कला तो हवा होता तो इमान शम्पर्ट जायबंदी झाल्यामुळे, तात्पुरती सोय म्हणून. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याने २५ गुण केले, १० तारखेला लेकर्सविरुद्ध ३८, आणि संघ सलग सात सामने जिंकला. मार्चमध्ये त्याच्याही गुडघ्याने दगा दिला.

आज एनबीएच्या संघात पंधरा नियमित खेळाडूंच्या जागा असतात. २०१७ पासून विकास लीग आणि मुख्य संघ अशा दोन्हींकडे खेळणाऱ्यांचे करार आले. आधी दोन, आणि २०२३ पासून तीन. जो खेळ बदली खेळाडूला मनाई करत जन्मला, त्याने अखेर मानवी देहाची मर्यादा आपल्या नियमांत लिहून घेतली. राखीव खेळाडूकडून ताऱ्याइतक्या गुणांची अपेक्षा कोणी धरत नाही. सामने तग धरून लढवता यावेत आणि दुखऱ्या गुडघ्याला घाईने कोर्टवर ओढावे लागू नये, यासाठी त्याच्याशी करार होतो. संघ विकत घेतो तो वेळ, आणि तो वेळ देणारा माणूस स्वतःचे हाड-स्नायू पणाला लावूनच देतो. त्याच्या नावाची ती छोटी बातमी म्हणूनच आदराने वाचावी.