सदऱ्यावरचे घड्याळ

घाटकोपर स्टेशनच्या पुलावर सकाळी पाच मिनिटे उभे राहावे आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांची मनगटे पाहावीत. पुष्कळांच्या मनगटावर आता घड्याळच नसते. वेळ पाहायची झाली की हात खिशात जातो आणि मोबाईल बाहेर येतो. म्हणजे आपल्या पणजोबांच्या खिशातून नातवाच्या मनगटावर आलेली वेळ पणतवाच्या वेळी पुन्हा खिशात जाऊन बसली. याच पणतवाने जीन घातली असेल तर तिच्या उजव्या खिशात आणखी एक चिमुकला खिसा शिवलेला असतो. तो कशाला, असे विचारून पाहा. कोणी म्हणेल चिल्लरीला, कोणी म्हणेल तिकिटाला. तो आहे घड्याळाला. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ साली तांब्याच्या रिबिटांच्या विजारीचे पेटंट घेतले, त्या काळापासूनची ही शिलाई आहे. आणि ती विजार साहेबलोकांची नव्हती, अंगमेहनत करणाऱ्यांची होती.

हे सांगायचे कारण असे, की खिशातले घड्याळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. लांब कोट, डोक्यावर पगडी, खुर्चीवर ताठ बसलेले कोणी रावबहादूर, आणि पोटावरून लोंबणारा सोन्याचा अछोडा. हे चित्र खोटे नाही, पण ते फोटोतले आहे. फोटो काढायला माणूस ठेवणीतले कपडे घालून जात असे. घरी परतल्यावर कोट खुंटीला लागे. घड्याळ मात्र अंगावरच राही, कारण दिवस अजून संपलेला नसे. त्या उरलेल्या दिवसाचा फोटो कोणी काढला नाही.

विलायतेत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारात जाकिटाची चाल पडली आणि गळ्यात किंवा कमरेला लोंबणारे घड्याळ खिशात शिरले. पुढे व्हिक्टोरिया राणीचे यजमान आल्बर्ट यांच्या नावाने साखळी निघाली. आपल्याकडे खरी अडचण निराळीच होती. आपल्या जुन्या पोषाखाला खिसाच नाही! बाराबंदीला बंद आहेत, खिसा नाही. पैसे कनवटीला, पानसुपारी चंचीत. घड्याळ ठेवणार कुठे? तेव्हा शिंप्याने बंडीला छातीशी खिसा काढला, जाकिटाला दोन काढले, आणि साखळीचे टोक काजात अडकवण्याची सोय झाली. साखळी दागिना म्हणून मिरवली गेली हे खरे, पण तिचे काम अगदी साधे आहे. वाकून चप्पल घालताना वरच्या खिशातले घड्याळ सटकते, त्याला ती धरून ठेवते. सदऱ्याच्या बाजूच्या खोल खिशात ते टाकावे तर चालताना मांडीवर आपटते आणि किल्ल्यांबरोबर काच खरवडते. छातीशी असले की उभे राहते, आणि उभ्या स्थितीत एकसारखे राहिलेले यंत्र चालही एकसारखी ठेवते.

पण घाटकोपरच्या माणसाला घड्याळ लागलेच कशाला? उत्तर रुळांवर आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली ती याच बाजूने, एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला खाडीची दलदल ठेवून. तोवर इथला दिवस प्रहरांचा आणि घटकांचा. घटका चोवीस मिनिटांची. एखाद घटका इकडे की तिकडे, याने कोणाचे बिघडत नसे. गाडीचे तसे नाही. त्यात आणखी एक गंमत होती, आणि तिचा लोकांना चांगलाच ताप होता. मुंबईची वेळ वेगळी आणि रेल्वेची वेगळी! रेल्वे चाले मद्रासच्या वेळेवर, आणि मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढे. शहराच्या घड्याळात बारा, तर गाडीच्या हिशेबी साडेबारा. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली; गाव बधेना, तेव्हा दोन वर्षांत तो हुकूम बारगळला. घाटकोपर त्या काळी शहराच्या हद्दीबाहेर, साष्टीत. इथून गाडीने शहरात कामाला जाणाऱ्याला दोन्ही वेळा सांभाळाव्या लागत. त्याच्या छातीशी असलेले घड्याळ शोभेचे कसे म्हणावे? अर्ध्या तासाचा हिशेब ज्याला सकाळ-संध्याकाळ करावा लागतो, त्याला ते छत्रीइतके गरजेचे.

१९०६ च्या जानेवारीपासून सबंध हिंदुस्थानची एक वेळ ठरली. ती मुंबईच्या सूर्याहून एकोणचाळीस मिनिटे पुढे. सुशिक्षितांना तो अभिमानाचा प्रश्न वाटला, आणि म्युनिसिपालिटीच्या घड्याळांवर तर मुंबईची जुनी वेळ स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षे टिकून होती. गिरणीतल्या माणसाला मात्र तो झोपेचा प्रश्न होता. नव्या वेळेने सहाचा भोंगा झाला की खरे तर पाच एकवीसच होत, बाहेर अंधार. त्याच जानेवारीत जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम थांबवले ते उगीच नव्हे.

इथे थोडे मागे जायला हवे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. सुरुवातीला घड्याळ आणि शेवटाला सूर्य, हे नीट पाहा. सूर्यास्त सर्वांना दिसतो. तो कोणा मालकाला मागे ढकलता येत नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मावळतीला काही अर्थच उरला नाही. दिवस किती तासांचा झाला हे सांगणारी एकच तबकडी राहिली, आणि ती गिरणीच्या भिंतीवर. स्वतःचे घड्याळ बाळगणारे कामगार फार थोडे. पण ज्याच्याजवळ असेल त्याच्याजवळ साक्षीदार होता, असे मी म्हणेन.

असा साक्षीदार गरिबाला परवडावा, ही कल्पना एका कारागिराच्या डोक्यात आधीच आली होती. स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या जॉर्ज रॉस्कॉफने १८६७ च्या सुमारास कमी भागांचे, जाड, वीस फ्रँकांचे घड्याळ बाजारात आणले आणि त्याला नाव दिले कामकऱ्याचे. घड्याळजींनी नाके मुरडली, लोकांनी घेतले. अमेरिकेत इंगरसोल कंपनीने १८९६ मध्ये एका डॉलरचे काढले. सोन्याच्या अछोड्याचा आणि खिशातल्या घड्याळाचा संबंध सुटला तो असा. मग साखळीच्या जागी साधा दोराही चालू लागला.

आणि दोऱ्याचा विषय निघाल्यावर सेवाग्रामला गेल्यावाचून कसे चालेल? १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला गांधीजींनी सदरा-टोपी सोडून पंचा नेसला. खिसा म्हणून अंगावर उरला नाही. पण घड्याळ राहिले, कमरेला लटकून. १९३० च्या दांडीयात्रेच्या छायाचित्रांत काठी, पंचा आणि ते घड्याळ एवढाच सरंजाम दिसतो. जाकीट नाही, कोट नाही, तरी घड्याळ बेंगरूळ दिसत नाही, कारण ते दाखवायला लावलेले नाही. त्यांचे झेनिथ बनावटीचे गजराचे एक घड्याळ मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला चष्मा, चपला, ताट-वाटी यांच्याबरोबर लिलावात निघाले, आणि सारे मिळून अठरा लाख डॉलरांना गेले. १९४८ च्या ३० जानेवारीला, मिनिटे मोजणारा हा माणूस प्रार्थनेला सुमारे दहा मिनिटे उशिरा निघाला होता. सरदार पटेलांशी बोलणे लांबले होते.

मनगटी घड्याळ पुरुषांनी मनापासून स्वीकारले ते पहिल्या महायुद्धात. खंदकात एका हाताने खिसा चाचपायला सवड नसते. त्याआधी ते बायकी मानले जाई. १९६१ मध्ये बंगलोरला एच. एम. टी.चा घड्याळांचा कारखाना निघाला, आणि लग्नातला जावई हात पुढे करू लागला. खिशातली घड्याळे कपाटात गेली.

ती कपाटातून काढून आज साध्या कपड्यांवर लावावी की नाही, असे काही तरुण विचारतात. लावावी की! कोट शिवायची वाट कशाला पाहायची? सदऱ्याचा वरचा खिसा, काजातून ओवलेला काळा गोफ, बस्स. रोज एका ठरावीक वेळी किल्ली द्यावी आणि घामाच्या दिवसांत मागचे झाकण पुसून ठेवावे. जीनच्या त्या चिमुकल्या खिशात मी एक जुने रॉस्कॉफ बसवून पाहिले. अर्धेच गेले.