डिस्कमधला लिफ्टमन

लोअर परळच्या एका ऑफिसात रात्री सर्व्हर रेंगाळत होता. डेटाबेस फिरत्या डिस्कवर. लिनक्स कर्नलचा लॉग चाळताना एक सूचना दिसली: 'एलिव्हेटर' या पॅरामीटरचा आता काही परिणाम होत नाही, शेड्यूलर प्रत्येक डिस्कला वेगळा लावा. म्हणजे बूटच्या ओळीत 'एलिव्हेटर=डेडलाइन' लिहून आम्ही निश्चिंत होतो आणि कर्नल बदलल्यापासून ते कोणी जुमानतच नव्हतं. डिस्कवर भलताच शेड्यूलर, म्हणजे मागण्यांचा क्रम ठरवणारा भाग, बसला होता. तो बदलून एमक्यू-डेडलाइन लावला, काम सुरळीत झालं. पण डिस्कच्या सेटिंगला लिफ्टचं नाव का, हा प्रश्न काही सुटेना.

वरवरचं उत्तर सोपं आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेरीलाच ४ मिलिसेकंद लागतात, वाचणारं-लिहिणारं हेड सरकवायला त्याहून जास्त. मागण्या आल्या त्या क्रमाने भागवल्या तर हेड नुसतं धावत राहतं. म्हणून एका दिशेने जाताना वाटेतलं सगळं उरकायचं, मग उलट फिरायचं. पीटर डेनिंगने १९६७ च्या निबंधात ही रीत मांडली, पण 'स्कॅन' या नावाने.

मग लिफ्ट आली कुठून? संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथकडे बोट दाखवावंसं वाटतं. १९६८ च्या ग्रंथात त्याने कॅलटेकच्या गणित विभागातल्या लिफ्टचं हुबेहूब सिम्युलेशन लिहिलं. पण तिथे ती दुहेरी जोडलेल्या याद्या समजावण्यासाठी आहे, डिस्कचा संबंध नाही. मला हे मूळ पटत नाही.

माझा तर्क मागे जातो, १९५६ च्या आयबीएम रॅमॅक या यंत्राच्या डिस्ककडे. २४ इंची ५० तबकड्या एकावर एक, आणि हेडचा हात एकच! तो आधी उभा वरखाली सरकून हव्या त्या तबकडीशी थांबायचा, मग आत शिरायचा. ५० मजली इमारत आणि एक लिफ्ट. रूपक कसलं, ती लिफ्टच होती. पुढे १९६१ च्या आयबीएम १३०१ मध्ये प्रत्येक पृष्ठाला स्वतंत्र हेड मिळालं आणि उभा प्रवास संपला. यंत्र गेलं, बोलण्यातली लिफ्ट उरली, असं मी मानतो. आक्षेप येईल की रॅमॅकवर मागण्यांची रांग लावायचा प्रश्नच फारसा नव्हता. खरं आहे. पण नाव आकारावरून पडतं, हिशेबावरून नाही.

हिशेब मात्र माणसाचा आहे, आणि तो मी गिरगावात पाहिलाय. आमच्या जुन्या इमारतीची लिफ्ट जाळीच्या सरकत्या दाराची. घंटी वाजली की लिफ्टमन काका मनात नोंद करत. वर जाताना तिसऱ्यावरच्या आजींना घेत, खाली जाणाऱ्याला जाळीतूनच "येतो उतरताना" सांगत. पाचव्यावरून कोणी बोलावलं नसेल तर चौथ्यावरूनच परतत. शेवटच्या टोकापर्यंत जाणारी 'स्कॅन' नव्हे ही. संगणकशास्त्रात या सुधारित रीतीला 'लुक' म्हणतात. लिफ्टचं नाव खरं हिलाच शोभतं.

काकांची आणखी एक सवय होती. देशपांडे वहिनी बाहेर पडल्या की मागोमाग मुलगा येणार, हे ठाऊक असल्याने जाळी ओढायला ते क्षणभर थांबत. २००१ मध्ये सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी नेमकं हेच डिस्कसाठी मांडलं: एक वाचन झालं की त्याच प्रोग्रॅमची पुढची मागणी शेजारूनच येणार, म्हणून काही मिलिसेकंद हेड रिकामं ठेवायचं. लिनक्समध्ये 'अँटिसिपेटरी' नावाने ते आलं आणि काही काळ तोच डीफॉल्ट शेड्यूलर होता. डेडलाइन या शेड्यूलरने दुसरी काळजी घेतली. गर्दीच्या मजल्यांमुळे कोपऱ्यातला माणूस ताटकळू नये म्हणून वाचनाला ५०० मिलिसेकंद, लेखनाला ५ सेकंद अशी मुदत ठेवली.

चिपवर साठवणाऱ्या आजच्या एनव्हीएमई डिस्कला सरकणारं हेडच नाही. तिथे शेड्यूलर बहुधा 'नन', म्हणजे कोणताच नाही, असा असतो, आणि बहुतेकदा तेच योग्य. गिरगावातली इमारत पुनर्विकासाला गेली. लिनक्सच्या ब्लॉक विभागात मात्र शेड्यूलर सांभाळणाऱ्या फाइलचं नाव आजही एलिव्हेटरच आहे.